दर वेळी उजवीच पिन का तुटते?

माझ्या भाच्याकडे एक १२५ सीसीची टू-स्ट्रोक डर्ट बाइक आहे. परदेशातून आलेली, दोन-तीन हात फिरलेली, नंबरप्लेट नसलेली. माळावर न्यायची तर छोट्या टेम्पोत घालून न्यावी लागते. मेक कुठला ते मुद्दाम लिहीत नाही, कारण यात गाडी बनवणाऱ्याचा काडीचा दोष नाही आणि नाव दिलं की वाचणारे तेवढंच लक्षात ठेवतात.

या गाडीच्या पॉवर व्हॉल्व्हची पिन तुटायची. नवी टाकली की गाडी काही आठवडे झकास पळायची, आणि मग एक दिवस खालची ताकद गायब. फर्स्ट गिअरमध्ये चढावर नुसती गुरगुरत बसायची, आणि एकदा का वरच्या आरपीएमला पोचली की मात्र पूर्वीसारखीच सुटायची. कव्हर उघडलं की आत पिन दोन तुकड्यांत. पुन्हा नवी पिन, सोबत नवं पातं, पुन्हा तेच.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपमध्ये क्वालिटीला आहे. स्कूटीपलीकडे मला गाडी चालवता येत नाही. पण भोक गोल आहे का, जागेवर आहे का आणि नसेल तर किती सरकलंय, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे भाचा एका रविवारी तुटके पार्ट प्लास्टिकच्या डब्यात घेऊन आला आणि म्हणाला, "आत्या, हे बघ की गं एकदा. सगळे मिस्त्री करून झाले," तेव्हा मी नाही म्हटलं नाही.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अशा टू-स्ट्रोक इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतात. सिलेंडरच्या भिंतीतच खिडकी असते. पिस्टन खाली जाताना ती उघडतो, वर येताना झाकतो. खिडकीची वरची कड उंच ठेवली तर इंजिन वरच्या आरपीएमला जबरदस्त ओढतं, पण खाली मरतं, कारण हळू फिरताना जळायचा ताजा माल तसाच एक्झॉस्टमधून निघून जायला भरपूर वेळ मिळतो. पुढच्या फुगीर पाइपातून परत येणारी दाबाची लाट तो माल आत ढकलते खरी, पण ते गणित आरपीएमच्या एका ठरावीक पट्ट्यातच जमतं. कड खाली ठेवली तर उलटं, खाली गोड आणि वर दम नाही. मग इंजिनिअरांनी कडच हलती केली. हळू चालताना खिडकीवर एक पातं उतरतं, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढावं तसं, आणि वेग वाढला की मागे सरकतं. हाच पॉवर व्हॉल्व्ह. यामाहानं हे १९७० च्या दशकाच्या अखेरीस ग्रां प्रीच्या गाड्यांवर आणलं, नाव वायपीव्हीएस. मग कावासाकीचं किप्स, होंडाचं एटॅक आणि नंतर एचपीपी, केटीएमचं टीव्हीसी, रोटॅक्सचं रेव्ह. नावं वेगळी, रचना वेगळ्या, काम तेच.

आपल्याकडे हे आलंच नाही. परदेशात १९८३ साली आरडी ३५० वायपीव्हीएससकट आली. त्याच वर्षी आपल्याला मिळाली राजदूत ३५०, जी आधीच्या आरडीवर बेतलेली होती, व्हॉल्व्हविना. १९८५ च्या आरएक्स १०० लाही नाही. कोल्हापुरातले मिस्त्री आरएक्सचा आवाज गल्लीच्या टोकावरून ऐकून कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) कितीचा हवा ते सांगतील, यात मला शंका नाही. पण एक्झॉस्टच्या तोंडात हलणारा भाग ही गोष्ट त्यांच्या हाताखालून गेलेलीच नाही.

आमच्या गाडीत अशी दोन पाती आहेत, डावं आणि उजवं. दोन्ही बाजूंनी तिरपी येऊन एक्झॉस्टच्या खिडकीवर टेकतात. क्लचच्या बाजूला एक गव्हर्नर आहे. फिरण्याचा वेग वाढला की त्यातले स्टीलचे बॉल बाहेर फेकले जातात, उतरणीवर चढतात, एक दांडी ढकलतात, दांडीनं आडवा शाफ्ट फिरतो आणि शाफ्टवरच्या दोन छोट्या लिव्हरच्या पिना पात्यांना मागे ओढतात. वेग कमी झाला की स्प्रिंग सगळं परत पुढे आणते. वायर नाही, सेन्सर नाही. मला तर बघूनच आवडलं.

डब्यातले तुकडे टेबलावर मांडले तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे सगळ्या पिना उजव्या लिव्हरच्या होत्या. डाव्या बाजूची एकही नव्हती. भाच्याला विचारलं, डावी कधी तुटली? तो म्हणाला, "न्हाई, डावी पहिल्यापासून तीच हाय." हे त्यानं आजवर कुठल्याच मिस्त्रीला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आता यावर आधी काय काय झालं होतं ते सांगते. पहिल्या मिस्त्रींचं म्हणणं, कार्बन धरलाय. हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पॉवर व्हॉल्व्हची दहातली नऊ दुखणी काजळीचीच असतात. ऑइल जास्त, मिश्रण रिच (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त), गाडी सतत हळू चालवलेली, मग पातं खाचेत चिकटतं, गव्हर्नर ओढत राहतो आणि जे सगळ्यात कमजोर ते तुटतं. त्यांनी पाती काढून धुतली. (एक सूचना: ॲल्युमिनियमचा कुठलाही पार्ट कॉस्टिकमध्ये बुडवू नका. काजळीबरोबर पार्टही जातो.) पिन तुटली. मग ऑइल बदललं, चांगलं सिंथेटिक आणलं, लिटरला ३३ मिली टाकत होते ते २५ वर आणलं. पिन तुटली. मग ग्रुपवरच्या पोरांनी सांगितलं जेटिंग रिच आहे, म्हणून मेन जेट एक नंबर लहान टाकला. पिन तुटली, आणि या वेळी आधीपेक्षा लवकर. मग संशय पार्टवर. डुप्लिकेट असणार, म्हणून ओरिजिनल मागवली, तिची किंमत मी इथे लिहिली तर माझा भाऊ वाचेल. तीही तुटली.

जेट लहान केल्यावर पिन लवकर तुटली, या गोष्टीवर मी जरा थांबले. दुखणं काजळीचं असतं तर उलट व्हायला हवं होतं. मिश्रण लीन केलं, म्हणजे पेट्रोल कमी केलं, की काजळी कमी होते आणि एक्झॉस्ट तापतो. म्हणजे कमी काजळी, जास्त उष्णता आणि लवकर तुटणं. मला पहिल्यांदा उष्णतेचा वास आला तो इथे.

दुसऱ्या दिवशी तुकडे कंपनीत नेले आणि जेवणाच्या सुट्टीत भिंगाखाली धरले. पिन चार मिमीची, लिव्हरमध्ये पक्की दाबलेली, दुसरं टोक पात्याच्या खाचेत. तुटलेल्या तोंडावर दोन भाग स्वच्छ दिसत होते. एका कडेपासून निघालेला गुळगुळीत, जरा चमकदार भाग, त्यावर एकामागे एक कमानीसारख्या बारीक रेघा. आणि उरलेला खरबरीत, दाणेदार भाग, जो शेवटच्या क्षणी एकदम तुटला. हा फटीगचा, म्हणजे धातू थकून तुटण्याचा, चेहरा आहे. एका दणक्यानं तुटलेल्या पिनेवर कमानी नसतात. कमानी म्हणजे लहान लहान धक्के, लाखो वेळा, आणि दर काही धक्क्यांनी भेग केसभर पुढे.

कमानींचा मध्य जिथे, तिथून भेग सुरू झालेली असते. आणि तो मध्य प्रत्येक पिनेवर एकाच बाजूला होता, सिलेंडरकडच्या बाजूला.

ही गोष्ट महत्त्वाची का, ते सांगते. समजा पातं काजळीत अडकलंय आणि लिव्हर त्याला मागे ओढतेय. पात्याचा अडथळा पिनेचं टोक पुढे, सिलेंडरकडे वाकवणार. पिन पुढे वाकली की ताण मागच्या बाजूवर येतो, म्हणून भेगही मागून सुरू व्हायला हवी. इथे भेग पुढून सुरू झाली होती. म्हणजे पिनेचं टोक मागे वाकवलं जात होतं. पात्याला कुणीतरी सिलेंडरच्या आतून बाहेरच्या दिशेनं ठोसे मारत होतं. सिलेंडरच्या आत हलणाऱ्या वस्तू दोनच, पिस्टन आणि त्याच्यावरची रिंग.

भाच्याला फोन केला. पिन तुटते तेव्हा तू काय करत असतोस? त्याचं उत्तर मला हवं होतं तेच आलं, पण त्याला ते विचित्र वाटत होतं. "फुल्ल रेस देताना कधीच न्हाई. पाणंदीतनं, ओढ्यातनं हळू हळू जाताना जाते." सगळ्या मिस्त्रींनी धरून ठेवलं होतं की पोरगं गाडी पिळतंय, इंजिन ११ हजारावर फिरवतंय, म्हणून मोडतंय. पण ११ हजारावर पाती मागे गेलेली असतात, सिलेंडरपासून लांब, सुखात. ती पिस्टनच्या जवळ येतात ती हळू चालवताना. दगडगोट्यांच्या ओढ्यातून साडेचार हजार आरपीएमवर गाडी चाललीय असं धरा. प्रत्येक फेऱ्यात रिंग पात्याच्या टोकासमोरून एकदा खाली आणि एकदा वर जाते. मिनिटाला ९००० वेळा. नुसती घासली तरी पिनेचं आयुष्य काही तासांचं.

मग मी ब्लॉक मागवला. सिलेंडर, हेड, पिस्टन, सगळं. भाऊ स्वतः घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि जाताना म्हणाला, "आता एवढी शिकलीस तर हे सोडव, न्हाईतर ती गाडी भंगारात घालतो." भाच्याला हे सांगितलं नाही.

ब्लॉक पुसल्यावर वरच्या तोंडावर, बोअरभोवती (पिस्टन सरकतो त्या गोल पोकळीभोवती), एक बारीक गोल रेघ दिसली. म्हणजे हा मूळचा बोअर नव्हे, आत लायनर, नळीसारखं अस्तर, घातलेला आहे. या जातीच्या गाड्यांना कंपनीकडून लायनर नसतो. ॲल्युमिनियमच्या भिंतीवरच निकासिलचा थर असतो, निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण, जर्मनीतल्या मालेनं १९६० च्या दशकात काढलेली प्रक्रिया. थर एक दशांश मिमीहूनही पातळ, पण दगडासारखा कठीण. तो एकदा उडाला की आरएक्ससारखं पाव-पाव मिमी वाढवत ओव्हरसाइझ पिस्टन टाकत जाता येत नाही. पुन्हा प्लेटिंग करून घ्यायचं, नाहीतर नवा सिलेंडर. आणि दोन्ही परवडत नसेल तर बिडाचा लायनर.

भाच्यानं सांगितलं, गाडी घेतल्याबरोबर एकदा सीझ झाली होती, तेव्हा लायनर टाकून घेतला. कुठल्या दुकानात ते मला ठाऊक आहे, इथे सांगायची गरज नाही. काम वाईट नव्हतं. होनिंगच्या (भिंत बारीक घासून घेण्याच्या) रेघा सुरेख होत्या, बोअर गोल होता, टेपर नाही, ५४ मिमीला जेवढा हवा तेवढा. म्हणूनच नंतरच्या कुठल्याही मिस्त्रीनं ब्लॉककडे संशयानं पाहिलं नाही. तो "नवीन केलेला" होता. पिना त्यानंतरच तुटायला लागल्या होत्या, पण पहिली बऱ्याच दिवसांनी तुटली, त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणी जोडला नाही.

पिस्टन हातात घेतला. एक्झॉस्टच्या अंगाला, उजवीकडे, रिंगच्या वरच्या कडेपाशी एक उभा चकाकता पट्टा, नखाला लागेल न लागेल असा. रिंगवर त्याच जागी घासल्याची खूण. डावीकडे काही नाही. उजव्या पात्याच्या टोकावरची काजळी मधोमध पुसली गेलेली, खाली उघडं चमकणारं ॲल्युमिनियम. डाव्या पात्याचं टोक पूर्ण काळं. एवढं बघितल्यावर बाकी काही मोजलं नसतं तरी चाललं असतं. पण मोजल्याशिवाय मला झोप लागत नाही.

आमच्या लेथवाल्या दादांकडून बोअरमध्ये हलकेच सरकेल अशी एक नायलॉनची डमी फिरवून घेतली, पिस्टनच्या जागी. ब्लॉक उलटा ठेवला, दोन्ही पाती पुढे पार थांबेपर्यंत दाबली आणि डमी व पात्याचं टोक यांच्यात फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला. डावीकडे ०.४५ मिमी. उजवीकडे ०.१५. थंड असताना दोन्हीकडे फट आहे. कुठल्याही मिस्त्रीनं किक मारण्याआधी हातानं इंजिन फिरवून बघितलं असेल तर त्याला काहीच लागलं नसणार. आणि ते बरोबरच होतं.

पण गरम झाल्यावर? पातं खांद्यापासून (जिथे ते टेकून थांबतं) टोकापर्यंत सुमारे ४० मिमी. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं. पातं थेट जळत्या वायूच्या वाटेत उभं, ते खोलीच्या तापमानापेक्षा २५० अंशांनी तापलं असं धरलं तर वाढ ०.२३ मिमी. त्याच्याभोवतीचा सिलेंडरही तापतो, पण त्याला पाणी फिरवून थंड ठेवलेलं असतं. त्याचे ८० अंश धरले तर तेवढ्याच लांबीत ०.०७. फरक ०.१६. उजवीकडे फट होती ०.१५.

आकडे धरलेले आहेत, एवढं नेमकं जुळण्याचं कौतुक मला नाही. वीस-तीस अंश इकडेतिकडे झाले तर गणित हलेल. शिवाय रिंग खिडकीसमोरून जाताना स्प्रिंगसारखी किंचित बाहेर फुगते, तेही धरायला हवं. पण दिशा कळली. आणि जेट लहान केल्यावर पिन लवकर का तुटली, नवा पार्ट टाकल्यावर काही आठवडे का बरं चालायचं, हेही कळलं. नव्या पात्याचा खांदा करकरीत असतो, तो पातं हवं तिथे थांबवतो. रोज थोडं आपटून खांदा दबतो, पातं दहा-वीस मायक्रॉन पुढे येतं, टोकावर काजळीचा पापुद्रा चढतो. मग एके दिवशी टोक लागायला लागतं. प्रत्येक मिस्त्रीचा उपाय थोडे दिवस लागू पडायचा तो त्यानं पिनेबरोबर पातंही नवं टाकल्यामुळे. श्रेय मात्र ऑइलला जायचं.

मी तरी हॉट एअर गननं फक्त उजवं पातं एक्झॉस्टच्या तोंडातून तापवलं आणि पटकन डमी घालून पाहिलं. मघाशी ०.१५ सहज जात होता तिथे ०.०५ चाही गेज शिरेना. नायलॉनला वास सुटला आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं खिडकी उघडली.

उरला प्रश्न, डावीकडे तिप्पट फट का? साहेबांना विचारून ब्लॉक सीएमएमवर, म्हणजे प्रत्येक भोकाची नेमकी जागा मोजणाऱ्या मशीनवर, चढवला. खालच्या तोंडावर क्रँककेसवर बसायची दोन डॉवेलची (जागा पक्की धरणाऱ्या खुंट्यांची) भोकं असतात, ती कंपनीची, त्यांना कुणी हात लावलेला नव्हता. त्यांच्यापासून बोअरचा मध्य मोजला. तो उजवीकडे सुमारे ०.२ मिमी सरकलेला होता. बोअर गोल, सरळ, चकचकीत, फक्त दोन केस शेजारी. पाती तिरपी येत असल्यामुळे एवढ्या सरकण्यानं डाव्या-उजव्या फटीत ०.३ च्या आसपास फरक पडायलाच हवा, आणि तेवढाच पडला होता.

का सरकला, याचा अंदाज बांधायला सीएमएम लागत नाही. बोअरिंगच्या मशीनवर ब्लॉक लावताना मध्य शोधायला डायल (काट्याचा गेज) आतल्या भिंतीवर फिरवतात. गाडी सीझ झाली तेव्हा उजव्या अंगाचं प्लेटिंग उडून खड्डा पडला होता. डायलला तो खड्डाही बोअरच वाटला, आणि मध्य खड्ड्याच्या दिशेनं ओढला गेला. आरएक्सच्या ब्लॉकला दोन केस इकडेतिकडे झाल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. कनेक्टिंग रॉडला पिस्टनमध्ये आडवी जागा असते, ती जुळवून घेते. इथे मात्र भिंतीबाहेर एक पातं मूळ मध्यावर विसंबून उभं होतं.

उपाय साधा होता. योग्य उपाय म्हणजे नवा सिलेंडर, पण भावाचा चेहरा आठवून तो मी यादीत घातला नाही. ५५ मिमीच्या गोल रॉडवर एमरी पेपर गुंडाळला आणि उजव्या पात्याचं टोक त्याच गोलाईत घासत नेलं. दर थोड्या वेळानं धुवायचं, बसवायचं, गेज घालायचा. थंड असताना ०.५५ फट मिळेपर्यंत. डावंही किंचित घासून तेवढ्यावरच आणलं. अर्ध्या मिमीच्या खाली जायचं नाही हे मी मनाशी धरलेलं होतं. टोकाची कड मोडली, म्हणजे रिंग समजा लागलीच तर कडेला न अडता घसरून जाईल. लायनरमध्ये पात्यासाठी पेन्सिल ग्राइंडरनं कापलेल्या खाचेची कड धारदार राहिली होती, तीही फिरवून घेतली. पातं इतकं मागे राहिलं की खिडकीचं झाकण थोडं सैल बसणार, खालची ताकद नावाला कमी होणार. भाच्याला फरक कळला नाही.

जेट पुन्हा मूळच्या नंबरचा टाकला आणि ऑइल लिटरला ३३ मिलीवर नेलं. पोरांच्या ग्रुपवर यावरून वाद झाला म्हणे. होऊ दे.

त्यानंतर पावसाळाभर गाडी चिखलात, ओढ्यात, जिथे हळू चालवावी लागते अशा सगळ्या जागी फिरली. दिवाळीच्या सुट्टीत मी कव्हर काढून बघितलं. पिन जागेवर. उजव्या पात्याच्या टोकावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग काळी काजळी, कुठेही पुसलेली नाही. काजळी बघून इतका आनंद झालेला मिस्त्री बहुधा कोल्हापुरात नसेल. भाचा म्हणाला, साफ करायची का? म्हटलं, हात लावू नकोस, फोटो काढ.

बोअरिंगवाल्या काकांकडेही जाऊन आले. भांडायला नव्हे, सीएमएमचा कागद दाखवायला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "ताई, एवढी वर्षं लायनर टाकतोय, आरएक्सवाल्याची एक तक्रार न्हाई." खरंच आहे ते. मग मी त्यांना अर्धा इंच जाडीची एक प्लेट करून दिली, त्यात दोन डॉवेल आणि मधोमध एक मास्टर भोक. ब्लॉक डॉवेलवर बसवायचा आणि डायल भिंतीवर न फिरवता प्लेटच्या भोकात फिरवायचा. आता डर्ट बाइकवाली पोरं आली की काका ती प्लेट काढतात आणि लायनरचे दोनशे रुपये जास्त घेतात. प्लेटचे पैसे मला अजून मिळालेले नाहीत.